मंद बाजारात घर विकणे : किंमत, प्रतीक्षा आणि सचोटी

(ज्येष्ठ नागरिकांसाठी झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने घर विकण्यावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. मी दलाल नाही, वकील नाही, आणि चार्टर्ड अकाउंटंट तर मुळीच नाही. पण घर विकायला काढलेला माणूस रात्री छताकडे बघत स्वतःला तीनच प्रश्न विचारत असतो. या घराची खरी किंमत काय? आपण किती थांबावं? आणि समोरच्याला काय काय सांगावं? हे तिन्ही प्रश्न तत्त्वज्ञानात दोन-अडीच हजार वर्षं चघळले गेले आहेत. म्हणून मी इथे उभा आहे.

दुसरं कारण आपल्या वयाचं. इथे बसलेल्या बहुतेकांच्या बाबतीत राहतं घर हीच आयुष्यभराची सगळ्यात मोठी मिळकत. ते विकून कुणाला लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचंय, कुणाला मुलीजवळ, कुणाला उपचारांसाठी पैसा उभा करायचाय. तिशीतल्या माणसाचा व्यवहार फसला तर त्याच्यापुढे तीस वर्षं असतात. आपल्यापुढे तेवढी मुदत नाही. त्यामुळे आज मी उदाहरणं घेणार आहे ती पुण्यातल्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या फ्लॅटची.

मंद बाजार म्हणजे नक्की काय?

मंडईत संध्याकाळी सातनंतर गेलात तर मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते. भाजीवालीला ठाऊक असतं की उद्या ही पिवळी पडणार. गिऱ्हाईक कमी झालं की भाव उतरतो, आणि भाव उतरला की माल संपतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला बाजार असा वागतो.

घरांचा बाजार असा वागत नाही. इथे मंदी आली की आधी व्यवहारांची संख्या घटते, आणि भाव मात्र पाटीवर जिथल्या तिथे राहतात. आठवून बघा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली, मे २०१७ पासून महारेरा आलं, जुलै २०१७ पासून जीएसटी. त्यानंतरची दोन-तीन वर्षं जो तो म्हणत होता, बाजार थंड आहे. पण मालकांना भाव विचारला तर आकडा पूर्वीचाच. म्हणजे विकणारा म्हणतो याच भावाला देईन, घेणारा म्हणतो थोडं थांबून बघतो, आणि दोघंही थांबतात. मंदी म्हणजे ही दोन्हीकडची प्रतीक्षा.

गिऱ्हाईक नसतंच असं मात्र नाही. कोरोनाच्या काळात राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणलं, डिसेंबरअखेरपर्यंत. मग मार्चअखेरपर्यंत तीन टक्के. डिसेंबरात दस्त नोंदणीच्या कार्यालयांसमोर काय गर्दी उसळली ते तुम्ही पाहिलं असेल. महामारी चालू होती, नोकऱ्यांची शाश्वती नव्हती, तरी तीन टक्क्यांच्या धक्क्याने इतकी माणसं घराबाहेर पडली. याचा अर्थ घेणारे होतेच, उंबरठ्यावर उभे होते.

ते उंबरठा का ओलांडत नाहीत हे विकणाऱ्याने समजून घ्यायला हवं. समजा तुमच्या फ्लॅटचे तुम्ही एक कोटी मागताय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मोठ्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे ७५ लाख. उरलेले २५ लाख घेणाऱ्याने घालायचे. त्यावर पुण्यात आज साधारण सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सात लाख, आणि नोंदणी फी ३० हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्क्याची सूट मिळते, पण बेरीज फार बदलत नाही. म्हणजे तुमच्या दारात आलेल्या पस्तिशीच्या जोडप्याकडे सुमारे ३२ लाख रोकड तयार हवी. रंग, फर्निचर वेगळं. त्यात इमारत जुनी असेल तर बँकेचा मूल्यांकनकर्ता तुमच्या एक कोटीचे नव्वद लाखच धरतो, मग कर्जही आणखी खाली येतं. 'आजकालच्या पोरांना निर्णयच घेता येत नाही' असं आपण म्हणतो. तसं नाही हो, त्यांचं गणितच जमत नसतं.

आणि तुमची स्पर्धा कुणाशी आहे? समोरच्या नव्या बांधकामाशी. बिल्डर पाटीवरचा भाव सहसा कमी करत नाही, कारण कालचं गिऱ्हाईक येऊन भांडेल. तो मॉड्युलर किचन देतो, मुद्रांक शुल्क भरतो, पार्किंग फुकट देतो. म्हणजे भाव कमीच करतो, फक्त दुसऱ्या नावाने. तुम्ही शेजारच्या नव्या इमारतीची पाटी बघून आपला भाव ठरवता, पण तिथे प्रत्यक्षात तो भाव कुणीच देत नसतं.

किंमत कुठे राहते?

आता थोडं ॲरिस्टॉटलकडे जाऊ, घाबरू नका, लगेच परत येतो. (हशा)

ॲरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागात एक मजेदार प्रश्न घेतलाय. घर बांधणारा आणि चांभार यांच्यात देवघेव व्हायची तर एका घराला किती जोडे? घर आणि जोडा यांत समान असं काय आहे, की त्यांची तुलना व्हावी? पुढे तो पाच खाटांबरोबर एक घर असंही उदाहरण देतो. कार्ल मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात याच पाच खाटांवर थांबून चर्चा केली आहे. मार्क्सचं उत्तर होतं श्रम. ॲरिस्टॉटलचं उत्तर वेगळं होतं : या सगळ्या वस्तूंना एका मापात आणते ती माणसांची गरज, आणि पैसा हा त्या गरजेचा प्रतिनिधी.

हे उत्तर घर विकणाऱ्याने देवघरात लावून ठेवावं असं आहे. कारण आपली समजूत अशी असते की किंमत घराच्या भिंतींमध्ये असते. आम्ही सागवानी दारं बसवली, शहाबादी फरशी काढून ग्रॅनाइट टाकलं, म्हणजे किंमत आत भरली गेली. प्रत्यक्षात किंमत जन्माला येते दोन माणसांच्या गरजांच्या मधोमध. तुमचं सागवान ज्याला नकोच आहे, त्याच्या लेखी त्याची किंमत शून्य.

मग आपण आकडा कुठून आणतो? मी पाहिलंय, बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून. पहिला आकडा आठवणीतला : 'आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना अमुक साली एक कोटी दहा मिळाले होते.' दुसरा आकडा खर्चाचा : 'नुसत्या इंटिरिअरवर आम्ही बारा लाख घातलेत.' तिसरा आकडा गरजेचा : 'मुलीजवळ फ्लॅट घ्यायला एक कोटी पाच लागतात, तेवढे मिळायलाच हवेत.' या तिन्ही आकड्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. घेणाऱ्याला त्यांच्याशी काहीही कर्तव्य नाही. ती तुमची कारणं आहेत. त्याने जास्त पैसे द्यावेत याला तुमची गरज हे कारण होऊ शकत नाही, जसं त्याचा पगार कमी आहे हे तुम्ही स्वस्तात देण्याचं कारण होऊ शकत नाही.

यावर चांगले प्रयोग झालेले आहेत. कानेमान, क्नेश आणि थेलर या तिघांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि इतरांना विचारलं, हे किती डॉलरला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता ते घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त किंमत मागत होते. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती! आपण तर घरात तीस वर्षं काढलेली असतात.

दुसरा अभ्यास थेट घरांचा. जेनेसोव्ह आणि मेयर यांनी अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या मध्यभागातल्या फ्लॅटचे १९९० च्या दशकातले व्यवहार तपासले. बाजार पडलेला होता. ज्यांनी तेजीत महाग घेतलं होतं आणि आता तोटा सोसावा लागणार होता, ते तशाच दुसऱ्या फ्लॅटच्या मालकांपेक्षा चढा भाव लावत होते. त्यातला थोडा भाग त्यांना मिळायचाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यांची घरं विकली जाण्याचा वेग बराच कमी होता. आणि स्वतः राहणाऱ्या मालकांमध्ये ही ओढ गुंतवणूकदारांपेक्षा सुमारे दुप्पट होती. भिंतीला आकडा चिकटलेला नसतो, तो आपल्या मनाला चिकटलेला असतो.

मग बाजाराचा खरा आकडा कळायचा कसा? जाहिरातीतले भाव बघू नका, त्या इच्छा आहेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन पाहता येते. आपल्या परिसरात गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष नोंदलेले चार-पाच व्यवहार काढा. घरातल्या नातवाला बसवा, अर्ध्या तासात काढून देईल. क्षेत्रफळ, मजला, पार्किंग यांचा फरक जमेस धरा. जो पट्टा निघेल तो तुमचा पट्टा.

थांबण्याचं भाडं

'आम्हाला काय घाई नाही, थांबू.' हे वाक्य मी फार ऐकतो. थांबणं फुकट असतं अशी त्यामागे समजूत असते. हिशोब मांडू.

समजा फ्लॅट रिकामा आहे. आज एक कोटीची ऑफर हातात आहे, तुम्हाला एक कोटी दहा लाख हवेत. एक कोटी बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सात लाख व्याज. त्यावर कर लागतो, तो तूर्त बाजूला ठेवू. सोसायटीचा देखभाल खर्च महिना चार हजार धरला तर वर्षाचे ४८ हजार. मिळकत कर आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून समजा ३२ हजार. एकूण सात लाख ऐंशी हजार. म्हणजे बरोबर एका वर्षाने तुम्हाला एक कोटी दहा मिळाले, तर तुमचा फायदा दहा लाखांचा नाही, दोन लाख वीस हजारांचा. दोन वर्षं लागली तर तुम्ही साडेपाच लाखांहून जास्त तोट्यात आहात, आणि पाटीवर मात्र जिंकल्यासारखं वाटतंय.

फ्लॅट भाड्याने दिला असेल तर चित्र थोडं बदलतं. महिना वीस हजार भाडं आलं तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार वजा होतील. तुम्ही स्वतः तिथे राहत असाल तर तुमच्या डोक्यावर छप्पर आहे, तेही मोलाचं. म्हणून सरसकट 'विकून टाका' असं मी कुणाला सांगत नाही. फक्त थांबण्याला भाडं पडतं, ते कागदावर लिहा आणि मग थांबा.

आणि या भाड्याचा एक भाग रुपयांत मोजता येत नाही. गुडघे दुखत असताना तिसऱ्या मजल्यावर जिने चढण्याचं एक वर्ष. मुलीजवळ राहायला गेलो असतो ते एक वर्ष. सत्तरीनंतरचं एक वर्ष दहा लाखांना विकायचं का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. माझं उत्तर मी तुमच्यावर लादणार नाही.

किंमत कमी करायची तर कशी? दर महिन्याला पन्नास-पन्नास हजारांनी उतरू नका. घेणाऱ्याला वाटतं, अजून उतरेल, आणि तो थांबतो. सुरुवातीलाच पट्ट्याच्या आत आकडा ठेवा. जाहिरातीचे पहिले काही आठवडे सगळ्यात मोलाचे असतात, कारण तेव्हा नवीन घर म्हणून सगळे बघतात. सहा महिने पडून राहिलेल्या घराबद्दल पहिला प्रश्न येतो, 'यात काही भानगड आहे का?' दोन-तीन महिन्यांत एकही लेखी ऑफर आली नाही, तर बाजाराने उत्तर दिलंय असं समजून एकदाच ठळक बदल करा.

खालची मर्यादा मात्र ध्यानात ठेवा : रेडी रेकनर. सरकारी दरापेक्षा खाली व्यवहार केला तरी मुद्रांक शुल्क सरकारी दरानेच लागतं. आणि सरकारी मूल्य तुमच्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त निघालं, तर आयकर खातं सरकारी मूल्य हीच तुमची विक्रीची किंमत धरतं, आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात तो फरक मिळवला जातो. मंद बाजारात काही जुन्या इमारतींचा प्रत्यक्ष भाव रेडी रेकनरच्या जवळ येतो, तिथे हे आधी तपासा.

कागद आणि कर, थोडक्यात

मंद बाजारात गिऱ्हाईक एकदाच येतं. ते आल्यावर कागद शोधायला लागलात तर गेलं. आपलं मूळ करारपत्र, सूची दोन, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र, मिळकत कराच्या आणि सोसायटीच्या थकबाकी नसल्याच्या पावत्या, जुनं कर्ज फेडल्याचा दाखला, एवढं एका फाइलीत हवं. घर वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर असेल तर वारसांची नोंद आधी करून घ्या. भावंडांपैकी एकाची सही राहिली म्हणून व्यवहार मोडलेली घरं प्रत्येक पेठेत सापडतील. आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार रुपये आहे. 'देणगी' म्हणून त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागा म्हणावं.

कराचं म्हणाल तर, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर विकताना भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन पर्याय आहेत : महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के. खूप जुन्या घरासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य आधार धरता येतं. ते १२ लाख आणि विक्री एक कोटी असेल तर दोन्ही वाटांनी कर अकरा लाखांच्या आसपास येतो. तुमचा आकडा वेगळा असेल, म्हणून दोन्ही हिशोब करून घ्या. दुसरं घर ठरलेल्या मुदतीत घेतलं, किंवा सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत ठरावीक रोख्यांत गुंतवले, तर कर वाचतो. हे खाली उतरण्याआधी, म्हणजे विसार घेण्याआधी, आपल्या सीएला विचारा.

दलालाबद्दल एकच सांगतो. शिकागोच्या परिसरातल्या घरांच्या व्यवहारांवर लेविट आणि सायव्हर्सन यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. दलाल स्वतःचं घर विकतात तेव्हा ते दुसऱ्यांच्या घरांपेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास जास्त भाव मिळवतात. दलाल लबाड असतो असा याचा अर्थ नाही. दहा लाख जास्त मिळाले तर तुमचे दहा लाख, त्याचे दहा-वीस हजार. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही 'घ्या हो साहेब, बरी ऑफर आहे' असंच म्हटलं असतं. त्याचा सल्ला ऐका, पण सूची दोनच्या शेजारी ठेवून ऐका.

समोरच्याला किती सांगावं?

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येतो. तेजीत खोटं बोलायची गरज कमी असते, माल तसाच जातो. मंदीत मोह होतो. आठ महिन्यांनी एक गिऱ्हाईक आलंय, आणि वरच्या संडासातून तुमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येते. आदल्या आठवड्यात रंग मारून घेतला की दिसणार नाही. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर लागतो, पण आत्ता तर नोव्हेंबर आहे. पार्किंग तुम्ही वापरताय, पण कागदावर तुमचं नाहीच. सांगायचं का?

हा प्रश्न सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात जसाच्या तसा आलाय. एक माणूस घर विकतोय. लोकांना घर निरोगी वाटतं, पण ते तसं नाही. खोल्यांमधून साप निघतात, लाकूड कुजलेलं आहे, आणि हे मालकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही. सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद मांडतो. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, मालकाने कुणावर जबरदस्ती केलेली नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याने बघावं. स्वतःच्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगणं हा वेडेपणा आहे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण इथे तुम्ही जाणूनबुजून दुसऱ्याला खड्ड्यात जाऊ देताय. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. त्याचं म्हणणं असं की नुसतं गप्प राहणं वेगळं, आणि ज्याला कळणं गरजेचं आहे त्याला स्वतःच्या फायद्यासाठी अंधारात ठेवणं वेगळं.

आणि गंमत बघा, आपला कायदाही याच बाजूला उभा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि त्याने साधारण काळजी घेऊनही सापडला नसता असा मालमत्तेतला किंवा मालकीतला महत्त्वाचा दोष उघड करणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. हॉलमध्ये सूर्यप्रकाश येत नाही हे त्याला दिसतं, ते सांगायचं कर्तव्य नाही. रंगाखालची ओल त्याला दिसत नाही, ती सांगायची. रंग मारून लपवली तर आपण गप्प राहिलो असंही म्हणता येत नाही, तो थेट बनावच झाला.

'खरं बोला, त्यात फायदाच आहे' असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा असतो. मंद बाजारात घेणाऱ्याला घाई नसते, तो वकील लावतो, शेजाऱ्यांना विचारतो, आणि लपवलेली गोष्ट साठेखत झाल्यावर कळली तर तीन महिने वाया जातात. ओल दुरुस्त करायला किती लागतील याचा अंदाजपत्रक घेऊन तेवढे कमी करतो म्हटलं, तर माणूस बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवतो. पण कधीकधी खरं सांगून गिऱ्हाईक जातंही. तरी सांगायचं, कारण ते जोडपं पुढची वीस वर्षं हप्ते भरणार आहे, आणि आपण आपल्या म्हातारपणाची सोय त्यांच्या तारुण्यावर टाकून जाणार आहोत का, एवढाच प्रश्न उरतो.

मग सगळंच सांगायचं का? नाही. घराबद्दलचं सत्य समोरच्याच्या हक्काचं आहे. तुमच्या गरजेबद्दलचं सत्य तुमचं स्वतःचं. शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत, कमीत कमी किती घ्याल, दुसरा फ्लॅट बुक केलाय, हे न सांगण्यात काहीही गैर नाही. फक्त 'दुसरं गिऱ्हाईक आत्ताच एक कोटी पाच देऊन गेलं' असली थाप मारायची नाही.

आणखी एक मोह : 'काका, थोडे रोख घ्या, दोघांचाही फायदा.' जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं १ जून २०१५ पासून बेकायदा आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. सत्तरीत आयकराची नोटीस हातात घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा चार लाख कमी मिळालेले बरे.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : फ्लॅट माझ्या आणि मुलाच्या नावावर आहे. मुलगा अमेरिकेत असतो. त्याने यावंच लागेल का?

नाही, कुलमुखत्यारपत्रावर होऊ शकतं. ते त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून पाठवावं, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भारतात राहणाऱ्याचं घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला विकलं तर घेणारा एक टक्का कर कापतो. अनिवासी माणसाच्या हिश्श्यावर मात्र बऱ्याच चढ्या दराने कापावा लागतो. आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला मिळतो, त्याला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक ठरताच अर्ज करा. आणि हे घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा. शेवटच्या आठवड्यात कळलं तर तो बिथरतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे. थांबलो तर जास्त मिळेल ना?

कदाचित. चर्चा कुठल्या पायरीवर आहे ते बघा. सभेत विषय निघणं, बिल्डर नेमणं, करारावर सह्या होणं आणि महापालिकेची परवानगी मिळणं, यांत वर्षांची अंतरं असतात. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, हे आधी विचारा. ते नसेल तर चर्चा फार पुढे गेलेली नाही असं समजा. मग मघाचं थांबण्याचं भाडं काढा आणि आपलं वय त्या कागदावर शेजारी लिहा. चाळिशीतल्या शेजाऱ्याने थांबणं आणि पंचाहत्तरीतल्या आपण थांबणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. विकलंत तर चर्चा चालू आहे हे घेणाऱ्यालाही सांगा, तेही घराबद्दलचंच सत्य आहे.

प्रश्न : सर, हिशोब सगळा पटला. पण मुलं जिथे वाढली ते घर भाव करून विकायचं, हे मनाला लागतं. त्याचं काय करायचं?

ताई, इमॅन्युएल कांटने एक भेद केला होता, तो इथे थोडा सैल हाताने वापरतो. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं. आणि काही गोष्टी अशा असतात की त्यांच्या जागी काहीच ठेवता येत नाही, त्यांना किंमत लावताच येत नाही. सातशे चौरस फूट हे पहिल्या प्रकारात मोडतं. त्या घरात तुम्ही काढलेली वर्षं दुसऱ्या प्रकारात. आपला गोंधळ होतो तो दुसऱ्याचे पैसे पहिल्याच्या बिलात लावल्यामुळे. मग गिऱ्हाईकाने पाच लाख कमी सांगितले की आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. त्याने फक्त चौरस फुटांचा भाव केलेला असतो. तुमची वर्षं त्याने मागितलेलीच नाहीत, आणि खरेदीखतात ती लिहिलेलीही नसतात. ती घेऊनच तुम्ही नव्या घरात जाणार आहात.